इंधन उतरलं की सांगतो

भाव कधी उतरणार हे ओळखण्यात उदगीरच्या मोंढ्यात माझा हात धरणारा कुणी नाही! हे मी म्हणत नाही, मोंढा म्हणतो. म्हणजे म्हणायचा. मागच्या दिवाळीपर्यंत म्हणायचा.

मी गुरुलिंग. मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, माझं आडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याची तूर, हरभरा, सोयाबीन माझ्या दुकानासमोर उतरायचं, लिलाव व्हायचा, खरेदीदार माल घेऊन जायचा आणि मधल्या मध्ये मी शहाणा व्हायचो. आमच्या तरुणपणी भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी एका दस्तीखाली, म्हणजे खांद्यावरच्या रुमालाखाली, हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. भोवतीच्या लोकांना फक्त हलणारी दस्ती दिसायची. समोरच्याच्या बोटांवरून त्याला मालाची किती नड आहे ते मला कळायचं. एवढंच काय, त्याच्या घरी पोरीचं लग्न निघालंय का, हेसुद्धा कळायचं!

आणि माझी रीत एकच. थांबायचं!

घरातही तेच. एका साली मिरची अशी पेटली, की बायका बाजारातून रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायच्या. माझी बायको रत्नम्मा म्हणाली, "अहो, वर्षाचं तिखट करायचंय."

मी म्हणालो, "थांब!"

होळी झाली, पाडवा झाला, आणि एक दिवस दुकानातून घरी येऊन बघतो तर गच्चीवर लाल मिरच्यांचा सडा!

"उतरली का मिरची?"

"उतरली की," ती म्हणाली.

मी दोन दिवस मोंढ्यात नवरदेवासारखा फिरलो. काशीला जायचं ठरलं तेव्हाही रेल्वेच्या तिकिटांसाठी मी असाच थांबलो. सगळे म्हणत होते मिळणार नाहीत. आयत्या वेळी खिडकीजवळच्या जागा मिळाल्या! आमच्या लेकीच्या, मंजूच्या लग्नाचं सोनं घ्यायच्या वेळी सोनं रोज चढत होतं, मी थांबलो होतो, आणि शेवटी सोनारानं असा भाव लावला की मलाच वाटलं त्याचं काहीतरी चुकलं. सोनार म्हणाला, "अप्पा, तुमच्यासारखं थांबणं कुणाला जमत न्हाई." रत्नम्मा शेजारीच बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. आपल्या नवऱ्याचं कौतुक ऐकून बाई लाजली, असं मला वाटलं.

ही माझी रत्नम्मा माघात लिंगैक्य झाली. आमच्यात गेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणतात. शब्द मोठा आहे. घरात मात्र एवढंच झालं, की चहा एकाच कपाचा होऊ लागला आणि रोज उतू जाऊ लागला.

आषाढात मंजूचा फोन आला. मंजुश्री ही आमची एकुलती एक. नवरा आणि लेक अक्षरा यांच्यासोबत बंगळूरला असते. दर दिवाळीला ही तिघं उदगीरला येतात. विमानानं नांदेड, तिथून जीपनं मुखेडवरून घरी. ती येणार असली की रत्नम्मा आठ दिवस आधीपासून अंगण शेणानं सारवून घ्यायची आणि आठ दिवस मागं लागायची, की चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नका.

"अप्पा, दिवाळीला येतो आम्ही," मंजू म्हणाली. "अव्वा नसली म्हणून काय झालं? घरात दिवा लावायला कुणी पाहिजे ना. पण तिकिटं आत्ताच काढते. ते विमान लहान असतंय, भरून जातंय."

पहिली दिवाळी. एकट्यानं दिवा लावायचा या विचारानं मी श्रावणाच्या आधीच धसका घेतला होता. ती येणार म्हटल्यावर माझ्या अंगात चार माणसांचं बळ आलं. तिथंच घोटाळा झाला! बळ आलं की मी शहाणपणा करतो.

"खबरदार!" मी म्हणालो. "तिकिटाचा जिम्मा माझा! तू फक्त बॅग भर!"

"अप्पा, पण मी आत्ता..."

"थांब! इंधन उतरलं की सांगतो!"

ती म्हणाली, "बरं अप्पा." हे ती अगदी तिच्या आईच्या आवाजात म्हणाली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आता माझा हिशेब ऐका. विमान काय पाण्यावर उडतं? विमानाच्या खर्चात सगळ्यात मोठा घास इंधनाचा. इंधन महाग झालं की तिकीट महाग. इंधन उतरलं की तिकीट उतरणार. यात न कळण्यासारखं काय आहे? शिवाय विमानाच्या इंधनाचा भाव दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, हे मला मल्लेशनं मोबाइलवर दाखवलं होतं. मल्लेश माझा पुतण्या. बसस्टँडसमोर त्याचं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि रेल्वे-विमानाची तिकिटं असं सगळं तो एकाच खुर्चीत बसून करतो. माझ्यावर त्याची फार श्रद्धा. होती.

झालं! सोयाबीन सोडून मी कच्च्या तेलाचे भाव बघायला लागलो. सकाळी लिंगपूजा, मग भस्म, मग कच्चं तेल! अरबांच्या देशात कुठं जहाज अडकलं, की इकडं माझ्या घशात भाकरी अडकायची. दुकानात शेतकरी विचारायचा, "अप्पा, तुरीचं काय?" मी म्हणायचो, "आखातात परिस्थिती नाजूक हाय." तो बिचारा आपली तूर घेऊन शेजारच्या दुकानात जायचा.

शेजारचं दुकान मडिवाळप्पाचं. माझा जुना मित्र आणि त्याहून जुना दुश्मन. त्याचा मुलगाही बंगळूरलाच आहे. खरं तर मोंढ्यातल्या निम्म्या घरांचं एकेक लेकरू तिथं आहे. सगळ्यांनी लातूरला शिकवण्या लावल्या, पोरं इंजिनियर झाली आणि तिकडं गेली. दिवाळीला सगळी त्याच लहान विमानानं येतात. ते विमान म्हणजे आमच्या मोंढ्याची उडती एसटीच!

"अप्पा, काय बघून राहिलात?" मडिवाळप्पानं विचारलं.

"इंधन."

"काय म्हणतंय?"

"चढलंय. दिवाळीची तिकिटं घ्यायची न्हाईत. थांबायचं."

"हाव! तुम्ही थांबलात तर म्या कोण घेणारा!"

आणि आमच्या मोंढ्याची खोड तुम्हाला माहीत नसेल. एकानं ढिगावर ताडपत्री टाकली की पाऊस नसला तरी सगळे टाकतात. मडिवाळप्पा थांबला म्हणून त्याच्या पलीकडचा थांबला, तो थांबला म्हणून त्याचा व्याही थांबला. पोळ्यापर्यंत सगळा मोंढा थांबलेला! चहाच्या टपरीवर मंडळी मला आधी वाट करून द्यायची. "अप्पा, उतरतंय का?" मी आकाशाकडं बघायचो आणि मान हलवायचो. लोक त्या मानेवर चार दिवस काढायचे.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला इंधन चढलं. थांबलो. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला किंचित उतरलं. मडिवाळप्पा म्हणाला, "घ्यावं का?"

"आत्ता? हा तर नुसता पाय वाजलाय! माणूस अजून जिन्यावरच हाय!"

मडिवाळप्पाची बायको शिवगंगा रोज माझ्यासाठी डबा घेऊन यायची. रत्नम्माची ती जिवाभावाची मैत्रीण. दर सोमवारी दोघी भजनाला एकत्र जायच्या आणि भजनाहून जास्त वेळ आमच्या ओट्यावर बोलत बसायच्या. डबा ठेवताना ती विचारायची, "भावजी, तिकिटं काढली का?"

"वहिनी, इंधन अजून उतरायचंय."

"उतरू द्या की, निवांत उतरू द्या," ती म्हणायची आणि तोंडाला पदर लावायची. आमच्या उदगीरच्या बायका फार लाजाळू, असं मी मनाशी म्हणायचो.

आणि ऑक्टोबरची पहिली तारीख उजाडली. इंधन उतरलं! नुसतं उतरलं नाही, धप्पकन खाली बसलं! मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो, दस्ती हवेत फिरवली आणि ओरडलो, "घ्या!"

मोंढा फुटला! जो तो मल्लेशच्या दुकानाकडं पळाला. कुणाच्या पायात चप्पल नाही, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. कुणीतरी लिलाव तसाच सोडून आला आणि त्याच्या मागं ज्याचा लिलाव चालला होता तो शेतकरी पण आला. सौदा म्हटला की मुहूर्त आला. मी मल्लेशच्या लॅपटॉपला भस्म लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी की-बोर्डात जाणार होतं, मडिवाळप्पानं ते वरच्या वर स्वतःच्या धोतरात झेललं.

"मल्लेश, भाव फोड!"

मल्लेशनं बटण दाबलं. लॅपटॉपवर एक चक्र फिरू लागलं. मग आकडा आला.

मागच्या दिवाळीच्या चौपट!

"मल्लेश, तू तिघांचा आकडा एकत्र काढलास," मी म्हणालो.

"न्हाई काका. एकाचा हाय."

"मग येण्याजाण्याचा असंल."

"नुसत्या येण्याचा."

मडिवाळप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अप्पा, इंधन उतरलं ना?"

"उतरलं."

"मग हे कामून चढलं?"

मी मल्लेशकडं बघितलं. मल्लेशनं माझ्याकडं बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "दिवाळी जवळ आली ना काका."

"इंधनाला काय दिवाळी कळते का!"

"इंधनाला न्हाई कळत. विमानवाल्याला कळते. सगळं विमान भरलंय, दोनच सीट राहिल्यात."

दोनच! एवढं ऐकलं मात्र, माझ्यामागं उभी असलेली माणसं आडते झाली! मागून कुणीतरी भाव पुकारला. दुसऱ्यानं त्याच्यावर चढवला. तिसरा खुर्चीवर चढला. लॅपटॉपसमोर लिलाव सुरू! लॅपटॉपला काही ऐकू येत नाही हे मल्लेश घसा फोडून सांगत होता, पण मल्लेशचंही कुणाला ऐकू येत नव्हतं. शेवटी मडिवाळप्पानं दोन्ही हात वर केले.

"गप्प बसा रे! अप्पांच्या घरची ही पहिली दिवाळी हाय. या दोन सीट अप्पांच्या!"

एकेक जण मागं सरकला. मला गलबलून आलं. ज्या मोंढ्यात मूठभर तुरीवरून माणसं एकमेकांच्या आज्याचा उद्धार करतात, त्या मोंढ्यानं माझ्यासाठी वाट सोडली!

"न्हाई मडिवाळप्पा," मी म्हणालो. "माझी तीन माणसं हाईत. दोन सीटवर तीन कशी बसतील? तुमचं पोरगं अन् सून येऊ द्या. तुम्ही घ्या."

"न्हाई अप्पा, तुम्ही घ्या! लेकरू मांडीवर बसंल."

"चौथीतलं लेकरू मांडीवर? तुम्ही घ्या हो!"

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुम्हाला!"

"काका," मल्लेश म्हणाला.

"थांब रे! मोठी माणसं बोलून राहिली!"

"काका, गेल्या."

"काय गेल्या?"

"सीटा. तुम्ही शपथा घेऊन राहिलात तवर कुणीतरी घेतल्या."

आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून तसेच उभे राहिलो. लोक एकेक करून निघून गेले. जाताना कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मोंढ्यात बोलत नाहीत म्हणजे माणसाचा भाव गेला.

संध्याकाळी मंजूचा फोन. "अप्पा, इंधन उतरलं म्हणे?"

"उतरलं की!"

"मग तिकिटं?"

तीन महिने तिला थांबवून आता काय सांगायचं? "तिकिटाची फिकर तू करू नको. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या शनिवारी बॅगा भरून तयार राहा," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं होतं, की आपण स्वतः रेल्वेनं बंगळूरला जायचं, तिथं मोठी गाडी भाड्यानं करायची आणि तिघांना घेऊन यायचं. तिला आधी सांगितलं असतं तर ती मला येऊ देणार नव्हती. मंजू फोनवर हसली. "हाव अप्पा, शनिवारी तयारच असतो आम्ही." मला वाटलं, पोरगी किती विश्वासानं हसतेय!

दिवाळीच्या तोंडावर, शुक्रवारी शिवगंगेला म्हणालो, "लातूरला जाऊन येतो. डबा नको." तिनं दिवाळीचा फराळ करून दिला होता. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी पहिल्या साली फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. तो सगळा एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरला आणि उदगीर स्टेशनवर बंगळूरच्या गाडीत बसलो. आरक्षणासाठी खटपट करावी लागली नाही. सगळी दुनिया गावाकडं येत होती, उलटा जाणारा मी एकटाच होतो!

शनिवारी दुपारी मंजूच्या इमारतीत पोचलो. डबा डोक्यावर घेऊन लिफ्टनं वर गेलो. दारासमोर रांगोळी होती. मधे लिंग, भोवती बेलाची पानं. रत्नम्मा घालायची तीच, आणि तिची जशी एका बाजूला कलायची तशीच कललेली. मला बरं वाटलं. आपलं घर आहे, असं वाटलं.

वर बघितलं तर दाराला कुलूप!

खाली येऊन वॉचमनला विचारलं. मी आमच्या उदगीरकडची कन्नड बोललो. तो आधी पोट धरून हसला. अशी कन्नड त्याची पणजी बोलायची म्हणे! मग म्हणाला, "ऊरिगे होदरु." म्हणजे गावाला गेले.

"कुठल्या गावाला?"

त्यानं बोट वर केलं आणि विमान उडवून दाखवलं.

मी तिथंच डब्यावर बसलो. तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा! अहो, कुठाय तुम्ही? घराला कुलूप हाय!"

"तुझ्याबी घराला कुलूप हाय!"

"माझ्या घराला? तुम्हाला कसं माहीत?"

"मी तुझ्या दारात आलोय! तू कुठाय?"

"मी तुमच्या दारात!"

पुढचा थोडा वेळ आम्ही दोघं फक्त "अगं" आणि "अहो" एवढंच म्हणत होतो. मागून अक्षराचा आवाज आला, "अज्जा आपल्या घरी गेलाय आणि आपण अज्जाच्या घरी आलोय? मग दिवाळी कुठंय?"

"मंजू, तुला तिकिटं मिळाली कशी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "अप्पा, रागवणार न्हाई ना? ज्या दिवशी तुम्ही थांब म्हणालात, त्याच दिवशी काढली होती."

"आषाढात?"

"हाव. अव्वानंच शिकवून ठेवलं होतं. ती म्हणायची, अप्पांना इचारायचं, ते थांब म्हणतील, बरं म्हणायचं आणि काढून ठेवायचं. म्हणायची, थांबले की ते खूश असतात, त्यांना थांबू दे. घर थांबू नये म्हणजे झालं."

वॉचमननं मला पाणी आणून दिलं. माझा चेहरा बघून दिलं असावं.

"म्हणजे ती मिरची?" मी विचारलं.

"कुठली मिरची अप्पा?"

"गच्चीवरची!"

"ती होय! ती तर भाव चढायच्या आधीच घेऊन शिवगंगाकाकूच्या घरी ठेवली होती. तुम्ही थांबून झालात की आणली."

"आणि काशी?"

"काशीची तिकिटं मामानं आधीच काढून दिली होती."

"आणि तुझं सोनं?"

"अप्पा, आता जाऊ द्या ना."

म्हणजे सोनारसुद्धा सामील! फोन कुणीतरी ओढून घेतला. शिवगंगा होती. "भावजी, आमच्या पोराचीबी तिकिटं म्या तवाच काढली हाईत! भजनातल्या सगळ्याच बायकांनी काढलीत, रत्नम्माचंच शिक्षण हाय ते. ह्यांना सांगू नका, अजून कपाळाला हात लावून बसलेत. नाहीतर असू द्या, आता पोरगंच दारात आलंय म्हटल्यावर सांगावंच लागंल!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते विमान भरलं होतं कुणी? आमच्याच पोरांनी! सगळा मोंढा ज्या विमानाला चढ्या भावाचं म्हणून शिव्या देत होता, त्यात मोंढ्याचीच लेकरं बसली होती, आणि तिकिटं आमच्याच बायकांनी तोंडाला पदर लावून काढली होती!

मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ वाटही बघितली. आला नाही. डोळ्यांसमोर एकच येत राहिलं. सोनाराच्या दुकानातली रत्नम्मा, पदराआडचं तिचं तोंड. बाई लाजत नव्हती. हसत होती! जन्मभर माझ्या शेजारी बसून हसत होती आणि मला एकदाही कळू दिलं नाही. दस्तीखालची बोटं ओळखणारा मी, मला पदराखालचं तोंड ओळखता आलं नाही.

"भावजी, ऐकताय ना?" शिवगंगा म्हणाली. "घराची दुसरी किल्ली रत्नम्मानं माझ्याकडं ठेवलेली हाय. लेकरांना घरात घेते. पण परवा लक्ष्मीपूजन हाय. तुम्ही कसं येणार?"

रेल्वे भरलेली. बस भरलेली. गावाकडं जाणारं एकूण एक चाक भरलेलं. मी मल्लेशला फोन लावला.

"मल्लेश, उद्याचं नांदेडचं विमान बघ."

"काका, एक सीट हाय. कुणीतरी आत्ताच रद्द केली. भाव सांगू का? लई..."

"सांगू नको."

"अं?"

"भाव सांगू नको. काढ!"

पलीकडं मल्लेश एवढा वेळ गप्प राहिला, की मला वाटलं हीपण सीट गेली. पण तो धक्का होता. भाव न विचारता मी आयुष्यात काडेपेटीसुद्धा घेतलेली नव्हती!

असा मी पहिल्यांदा विमानात बसलो. त्याआधी तपासणीच्या दारात माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी वाजली. मी म्हणालो, "ही काढता येत न्हाई." तिथली पोलीस मुलगी विजापूरकडची निघाली. तिनं डबीला यंत्र लावून बघितलं, मग हात जोडले आणि जा म्हणाली. फराळाच्या डब्यावर मात्र तीन जण जमले. त्यातल्या शेंगांच्या लाडवांची फार बारकाईनं चौकशी झाली.

विमान वर गेलं. खाली जमिनीचे तुकडे दिसत होते, कुठं हिरवे, कुठं काळे. मी कच्च्या तेलाचा विचार करायचा प्रयत्न केला. जमला नाही. रत्नम्मा असती तर काय म्हणाली असती, तोच विचार येत होता. काही म्हणाली नसती. पदर लावला असता.

नांदेडला सगळे न्यायला आले होते. मंजू रडत होती, अक्षरा डब्याला बिलगली होती आणि मडिवाळप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याला घरी सगळं कळलं होतं, हे त्याच्या मिशांवरून दिसत होतं.

"या अप्पा!" तो सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल असं म्हणाला. "इंधन तर उतरलंय. तुमचं तिकीट केवढ्याला पडलं?"

मी खांद्यावरची दस्ती काढली. त्याचा हात हातात घेतला, वरून दस्ती टाकली आणि बोटं दाबली. मडिवाळप्पाचा चेहरा आधी हसरा होता. मग गंभीर झाला. मी अजून बोटं दाबत होतो. त्यानं दुसऱ्या हातानं जीपचा आधार घेतला.

"अज्जा, तुम्ही काय सांगितलं त्यांना?" अक्षरानं विचारलं.

"गंमत सांगितली."

"मग ते रडकुंडीला का आले?"

घरी आलो. अंगण सारवलेलं होतं. शिवगंगेनं आणि मंजूनं मिळून सारवलं होतं. मी तसाच बुटांसकट आत निघालो आणि दोघी एकदम ओरडल्या, "पाय!" मी उंबऱ्यापाशी थांबलो. खूप दिवसांनी कुणीतरी असं ओरडलं होतं. मी मुद्दाम थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

लक्ष्मीपूजनाला अक्षरानं दिवा लावला. रत्नम्माच्या फोटोसमोर मंजूनं लाल मिरची आणि सोन्याची एक अंगठी ठेवली आणि माझ्याकडं बघून तोंडाला ओढणी लावली. आता मला कळतं.

दिवाळी संपून ती तिघं गेली. मी परत मोंढ्यात जायला लागलो. लोक पहिले काही दिवस लांबून हसायचे, पण मोंढा फार दिवस हसत नाही, त्याला भाव बघायचे असतात. परवा मडिवाळप्पा आला. म्हणाला, "अप्पा, पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार म्हणतात. काय करावं? इंधन काय म्हणतंय?"

मी आकाशाकडं बघितलं. मान हलवली.

"थांबा," मी म्हणालो. "पहिल्या तारखेला बघू."

तो समाधानानं गेला. मंजूची, तिघांची उन्हाळ्याची तिकिटं मी कधीच काढली आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच, मल्लेशला दुकान उघडायला लावून. आमच्या घरात एक जण थांबायचा आणि एक जण घेऊन ठेवायची. आता दोन्ही कामं माझ्याकडं आली आहेत. मंजूलाही अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, "अप्पा, काढू का?" मी म्हणतो, "थांब!" आणि खांद्यावरची दस्ती तोंडाला लावतो.

फक्त एकच भीती आहे. ती "बरं अप्पा" म्हणाली आहे. अगदी तिच्या आईच्या आवाजात!